छोट्या जॅकीची मोठी कमाई



शाळेच्या स्नेहसंमेलनात बालवर्गातले एखादे चिमुरडे रंगमंचावर येते, ऐन वेळी नाच विसरते आणि प्रेक्षकांत आई कुठे बसली आहे ते शोधू लागते. सभागृह टाळ्यांनी दणाणून जाते. घरी गेल्यावर आजी त्याची दृष्ट काढते. त्या टाळ्या त्या बाळाच्याच असतात, याबद्दल कुणाचे दुमत नसते. पण समजा, टाळ्यांबरोबर पैसेही मिळाले असते, तर ते कुणाचे? बाळाचे, की त्याच्या आईवडिलांचे?

तुम्हाला हा प्रश्न गमतीचा वाटेल. परंतु अमेरिकेतील एका मुलाच्या आयुष्यात तो खरोखर उभा राहिला, कोर्टापर्यंत गेला आणि त्यातून एक कायदा जन्माला आला. त्या मुलाचे नाव जॅकी कूगन. एकेकाळी जगातील सर्वांत प्रसिद्ध मुलगा म्हणून त्याला ओळखत असत. त्याचीच ही गोष्ट.

जॅकीचे पूर्ण नाव जॉन लेस्ली कूगन. त्याचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडील जॅक कूगन हे नर्तक आणि विनोदी नट होते. आई लिलियन हिनेही रंगमंचावर कामे केलेली होती. त्या काळी अमेरिकेतील थिएटरांत नाच, गाणी, नकला आणि कसरती असा मिश्र कार्यक्रम चालत असे. त्याला व्हॉडव्हिल म्हणत. अशा कार्यक्रमांतील कलावंतांची बिऱ्हाडे कायम पाठीवरच असायची. जॅकी या वातावरणात वाढला. मोठ्या माणसांना पाहून हुबेहूब तसेच करून दाखवण्याची कला त्याला पाळण्यातच मिळाली होती म्हणा ना!

१९१९ साली लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम थिएटरात एक कार्यक्रम चालू होता. जॅकीचे वडील त्यात नाच करीत. नाच संपल्यावर त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला रंगमंचावर आणले. मुलाने वाकून नमस्कार केला, दोन-चार मजेशीर पावले टाकली आणि तो पळून गेला. प्रेक्षक बेहद्द खूश झाले. त्या प्रेक्षकांत एक जगप्रसिद्ध माणूस बसला होता. त्यांचे नाव चार्ली चॅप्लिन.

चॅप्लिन यांच्यासाठी ते वर्ष दुःखाचे होते. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांचे पहिले बाळ जन्मानंतर अवघ्या तीन दिवसांत दगावले होते. एका भटक्या माणसाची आणि एका अनाथ मुलाची गोष्ट त्यांच्या मनात आकार घेऊ लागली आणि तिच्यासाठी त्यांना जॅकी हवा होता. तेवढ्यात दुसरे विनोदी नट रॉस्को आर्बकल यांनी कूगनला करारबद्ध केल्याची बातमी त्यांच्या कानावर आली. चॅप्लिन फार हळहळले. पुढे उलगडा झाला, की आर्बकल यांनी घेतले होते ते वडिलांना, मुलाला नव्हे! चॅप्लिन यांनी तातडीने जॅकीच्या वडिलांना गाठले आणि वडिलांनी आनंदाने होकार दिला. 'अ डेज प्लेझर' या छोट्या चित्रपटात जॅकीने प्रथम लहानसे काम केले. मग सुरू झाला तो चित्रपट, ज्याने त्याचे नाव अजरामर केले. तो चित्रपट म्हणजे 'द किड'.

आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. एका गरीब आईने सोडून दिलेले बाळ एका फाटक्या भटक्याला गल्लीत सापडते. तो त्याला वाढवतो. मुलगा पाच वर्षांचा होतो आणि दोघे मिळून एक अजब धंदा सुरू करतात. मुलगा दगड मारून लोकांच्या खिडक्यांच्या काचा फोडतो आणि थोड्याच वेळात भटका पाठीवर नव्या काचा घेऊन तिथे हजर होतो! पुढे अनाथाश्रमाची माणसे मुलाला गाडीत घालून नेऊ लागतात. मुलगा हात पसरून रडत राहतो, आणि भटका छपरांवरून धावत त्या गाडीचा पाठलाग करतो. चित्रपट मूक आहे, एकही शब्द ऐकू येत नाही. तरी हा प्रसंग पाहताना आजही डोळे ओलावतात.

त्या रडण्याची हकीकत चॅप्लिन यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. चित्रीकरणाच्या दिवशी जॅकी इतका आनंदात होता, की काही केल्या त्याला रडू येईना. शेवटी वडील म्हणाले, मी रडवतो. ते मुलाला बाजूला घेऊन गेले आणि थोड्याच वेळात जॅकी हमसून हमसून रडू लागला. रडला नाहीस तर खरोखरच अनाथाश्रमात पाठवीन, अशी धमकी त्यांनी दिली होती. प्रसंग चित्रित झाल्यावर चॅप्लिन यांना राहवेना. त्यांनी जॅकीला उचलून घेतले आणि समजूत घातली. तेव्हा बाबा उगीच घाबरवत होते हे आपल्याला ठाऊक होते, असे जॅकीने त्यांच्या कानात हळूच सांगितले. चॅप्लिन यांना हा प्रसंग किती लागला असेल याची कल्पना करा. ते स्वतः सात वर्षांचे असताना गरिबीमुळे लंडनच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या आश्रमात गेले होते आणि आईपासून दुरावले होते.

'द किड' १९२१ साली प्रदर्शित झाला आणि सहा वर्षांचा जॅकी एका रात्रीत जगाचा लाडका झाला. बाकदार टोपी, ढगळ पँट, कपाळावरचे केस आणि टपोरे डोळे हे रूप घरोघरी पोहोचले. त्याच्या नावाच्या बाहुल्या, शिट्ट्या, वह्या-कागद, इतकेच काय शेंगदाण्याचे लोणीसुद्धा बाजारात आले. १९२२ साली त्याने 'ऑलिव्हर ट्विस्ट' मध्ये ऑलिव्हरचे काम केले. त्यानंतर 'डॅडी', 'सर्कस डेज', 'अ बॉय ऑफ फ्लँडर्स', 'लिटल रॉबिन्सन क्रूसो' असे चित्रपट एकामागून एक येत राहिले.

आता पैशाचे ऐका. 'द किड' च्या वेळी जॅकीला आठवड्याला ७५ डॉलर मिळत. १९२३ साली मेट्रो कंपनीशी करार झाला, तेव्हा नुसत्या सहीसाठी ५ लाख डॉलर मिळाले. त्या वेळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा वर्षाचा पगार ७५ हजार डॉलर होता. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाची एक सही राष्ट्राध्यक्षांच्या सहा वर्षांच्या पगाराहून महाग ठरली! घरात मोटारी आल्या, मोठा बंगला झाला. जॅकीला शिकवायला घरी शिक्षक येत. दहाव्या वर्षानंतर तो शाळेत जाऊ लागला. आणि लाखो डॉलर कमावणाऱ्या या मुलाच्या हातात खाऊला किती पैसे पडत? आठवड्याला सव्वासहा डॉलर.

जॅकीने आपल्या कीर्तीचा एक उपयोग फार चांगला केला, तो आपण विसरता कामा नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर तुर्कस्तानातील आर्मेनियन आणि ग्रीक लोकांची भीषण कत्तल झाली, लाखो लोक देशोधडीला लागले. हजारो मुले अनाथ झाली. त्यांना सांभाळण्याचे काम 'निअर ईस्ट रिलीफ' ही अमेरिकन संस्था करीत होती. १९२४ साली जॅकी या मुलांसाठी मदत गोळा करायला अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर निघाला. अन्न, कपडे आणि रोख मिळून १० लाख डॉलरहून अधिक मदत जमली. रोममध्ये पोप अकरावे पायस यांनी त्याला भेट दिली, तर ग्रीसमध्ये त्याचा सन्मान झाला. पडद्यावर अनाथ झालेला मुलगा खऱ्या अनाथांसाठी झोळी घेऊन फिरला.

पण मुले मोठी होतात. बालकलाकाराचे भांडवल म्हणजे त्याचे बालपण, आणि ते दर वाढदिवसाला कमी होत जाते. जॅकीचे लांब केस कापले गेले, ही देखील त्या काळी बातमी झाली. १९२७ साली 'जॉनी गेट युवर हेअर कट' या नावाचा त्याचा चित्रपटच आला. त्याच सुमारास चित्रपट बोलू लागले. १९३० साली त्याने 'टॉम सॉयर' मध्ये आणि १९३१ साली 'हकलबेरी फिन' मध्ये टॉमचे काम केले. पुढे कामे विरळ झाली. कॉलेजात प्रवेश घेतला, पण अभ्यास मागे पडल्याने ते सोडावे लागले. तरी त्याला चिंता नव्हती. तुझी कमाई सुरक्षित आहे, २१ वर्षांचा झालास की ती तुझ्या हाती येईल, असे वडिलांनी सांगितल्याचे त्याचे म्हणणे होते.

४ मे १९३५ रोजी घात झाला. मेक्सिकोतून शिकार करून परतताना कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ रस्त्यावर त्यांची मोटार उलटली. गाडीत पाच जण होते. जॅकीचे वडील आणि आणखी तिघे मरण पावले. त्यांत 'हकलबेरी फिन' मध्ये हकचे काम केलेला त्याचा तरुण मित्र ज्युनिअर डर्किन हाही होता. एकटा जॅकी वाचला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जॅकी २१ वर्षांचा झाला. पैसे मात्र हाती आले नाहीत. वडिलांचे व्यवहार पाहणारे आर्थर बर्नस्टीन यांच्याशी पुढे आईने लग्न केले. आई आणि सावत्र वडील यांच्याकडे जॅकीने आपल्या पैशांची मागणी केली. आम्ही असे काही कबूल केलेले नाही, असे उत्तर त्याला मिळाले. शेवटी एप्रिल १९३८ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या न्यायालयात आईवर दावा लावला. ज्या मुलाचे आईवेगळे रडणे पाहून जग रडले होते, तो आता आईच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभा होता. वर्तमानपत्रे त्या बातम्यांनी भरून गेली.

कायदा कुणाच्या बाजूने होता? आईच्या. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे २१ वर्षांखालील मुलाची कमाई आईवडिलांच्या मालकीची होती. शेतात किंवा दुकानात बापाच्या हाताखाली राबणाऱ्या मुलांच्या काळात हा नियम कुणाला खटकला नसेल. मूल जे मिळवी ते घरातच येई आणि घरातच खर्च होई. लाखो डॉलर कमावणारे मूल त्या नियमाने कधी पाहिलेच नव्हते. शिवाय आईवडिलांनीही कष्ट घेतले होते, मुलाला शिकवले होते, त्याचे व्यवहार सांभाळले होते, हेही खोटे नव्हे. परंतु जॅकीची एकूण कमाई ३० ते ४० लाख डॉलरच्या घरात असावी, असा अंदाज होता. फरचे कोट, हिरे आणि महागड्या मोटारी यांत तिचा बराचसा भाग उडून गेला होता. शिल्लक होते ते सुमारे अडीच लाख. १९३९ साली तडजोड झाली आणि जॅकीच्या वाट्याला १ लाख २६ हजार डॉलर आले.

जॅकी हरला, असे म्हणावे लागेल. पण लोकांच्या मनात चीड उत्पन्न झाली. त्याच वर्षी, १९३९ साली, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने बालकलाकारांसाठी कायदा केला. लोक त्याला 'कूगन कायदा' म्हणू लागले आणि तेच नाव रूढ झाले. मुलाच्या कराराला मंजुरी देताना त्याच्या कमाईचा काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, स्वतंत्र ठेवीत राखून ठेवण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकेल, अशी तरतूद त्यात होती.

कायदा झाला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे नाही. जे करार न्यायालयापुढे येतच नसत, त्यांना तो लागू होत नसे. सुप्रसिद्ध बालतारका शर्ली टेंपल हिनेही बालपणी सुमारे ३२ लाख डॉलर मिळवले होते. मोठेपणी हिशोब पाहिला तेव्हा तिच्या नावावर जेमतेम ४४ हजार उरले होते. ही पळवाट बुजायला साठ वर्षे लागली. १ जानेवारी २००० पासून कॅलिफोर्नियात मुलाची कमाई ही मुलाचीच मालमत्ता ठरली आणि तिच्यातील १५ टक्के रक्कम त्याच्या नावे ठेवीत टाकणे सक्तीचे झाले. त्या खात्याला 'कूगन खाते' असेच म्हणतात. १ जानेवारी २०२५ पासून इंटरनेटवरील व्हिडिओंत काम करणाऱ्या मुलांनाही हे संरक्षण मिळाले आहे.

आपल्याकडेही आता नियम आहेत. २०१७ साली बालकामगार कायद्याखाली जे नियम झाले, त्यांनुसार बालकलाकाराच्या कमाईपैकी निदान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. मुलाला दिवसात ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून अधिक काम देता येत नाही. त्याची शाळा बुडू द्यायची नाही, हाही नियम आहे. टीव्हीवरील गाण्याच्या स्पर्धेत एखादे मूल दिसले, की या गोष्टींची आठवण ठेवावी.

खुद्द जॅकीचे पुढे काय झाले? दुसरे महायुद्ध सुरू होते. मार्च १९४१ मध्ये कूगन अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. विमान चालवण्याचा अनुभव असल्याने ते ग्लायडरचे वैमानिक झाले. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. दुसरे विमान त्याला दोराने ओढत नेते आणि मग सोडून देते. या कामगिरीवर कूगन आपल्या भारतात आले. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातील लालाघाटच्या धावपट्टीवरून ग्लायडरांचा ताफा निघाला. जनरल विंगेट यांच्या सैनिकांना ब्रह्मदेशाच्या जंगलात, जपानी फौजेच्या पिछाडीला शंभराहून अधिक मैल आत उतरवायचे होते. अंधारात, जंगलातील एका लहानशा मोकळ्या जागेत ग्लायडर उतरवणे म्हणजे प्राणाशी गाठ होती. कित्येक ग्लायडर मोडले, अनेक सैनिक दगावले. कूगन आपले सैनिक घेऊन उतरले आणि सुखरूप परतले.

युद्धानंतर हॉलिवूडने त्यांच्यासाठी पायघड्या घातल्या नाहीत. डोक्यावरचे केस गेले होते, अंग सुटले होते. ज्याच्यासाठी एकेकाळी चित्रपट लिहिले जात, तो माणूस आता मिळतील ती छोटी कामे करू लागला. त्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. दूरदर्शनच्या मालिकांत ते दिसू लागले. १९६४ ते १९६६ या काळात 'द ॲडम्स फॅमिली' या विनोदी मालिकेत त्यांनी अंकल फेस्टर या टकल्या, विक्षिप्त काकांचे काम केले. तोंडात धरताच विजेचा दिवा पेटवणारे हे काका मुलांना फार आवडले. त्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की आपल्या आजोबांच्या पिढीने याच माणसासाठी डोळे पुसले होते?

१९७२ साली चार्ली चॅप्लिन वीस वर्षांनी अमेरिकेत परतले. ऑस्कर सोहळ्यात त्यांचा गौरव होणार होता. ते ८२ वर्षांचे झाले होते. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर त्यांना भेटायला ५७ वर्षांचे कूगन गेले. चॅप्लिन यांनी त्यांना पाहताच कवेत घेतले. छपरांवरून धावत जाऊन भटक्याने मुलाला मिठी मारली होती, त्याला पन्नास वर्षे उलटून गेली होती.

१ मार्च १९८४ रोजी हृदयविकाराने कूगन यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ६९ होते. त्यांचा 'ऑलिव्हर ट्विस्ट' बरीच वर्षे हरवलेला होता. त्याची प्रत १९७० च्या दशकात युगोस्लाव्हियात सापडली आणि ती पुन्हा जुळवण्याच्या कामी स्वतः कूगन यांनी मदत केली. २०११ साली अमेरिकेने 'द किड' ला आपल्या जतन करण्यायोग्य राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत स्थान दिले.

मित्रांनो, जॅकीची कमाई त्याला मिळाली नाही. पण त्याच्या नावाचे खाते आज हजारो मुलांची कमाई सांभाळते आहे. ही त्याची खरी मिळकत म्हटली पाहिजे.

पालकांसाठी दोन शब्द. बक्षिसाची रक्कम असो, शिष्यवृत्ती असो, दिवाळीला आजोबांनी हातावर ठेवलेली नोट असो, ती मुलाच्या नावे पासबुकात पडावी आणि ते पासबुक त्याला अधूनमधून दाखवावे. रक्कम लहान असली तरी विश्वास मोठा असतो. मोबाईलवर मुलांचे व्हिडिओ करून पैसे मिळवण्याच्या आजच्या दिवसांत तर हे अधिकच खरे आहे.

आणि शाळेच्या विश्वस्त मंडळींना हा शब्द नव्याने सांगायला नको. दुसऱ्याचे धन आपले न मानता, ते ज्याचे त्याला वेळेवर आणि पूर्ण परत करतो, तो विश्वस्त. प्रत्येक आईबाप हे आपल्या मुलाचे असे विश्वस्तच असतात. जॅकी कूगनला आयुष्यात टाळ्या भरपूर मिळाल्या. विश्वस्त तेवढा मिळाला नाही.